पालक आणि शिक्षक : भांडणापूर्वीची ओळख

उन्हाच्या तापामुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून, जून महिना सरता सरता उघडतात, हे आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील वाचकांस ठाऊकच आहे. नेमका हाच काळ पेरणीचा. एकीकडे कापसाचे व सोयाबीनचे बी मातीत पडत असते, आणि दुसरीकडे गावोगावी नव्या दप्तराचे मूल हाताला धरून शाळेच्या दारात सोडले जात असते. आपल्या वावरात कोणते बी पडले, ओल किती होती, तिफण कोणी धरली, ह्याची खडान् खडा माहिती आमचा शेतकरी सांगू शकतो. परंतु त्याच आठवड्यात आपले पोटचे पोर ज्याच्या स्वाधीन केले त्या शिक्षकाचे नाव काय, असे विचारले असता किती बापांस उत्तर देता येईल, ह्याचा विचार वाचकांनी आपल्या मनाशीच करावा. मूल सोपविणारा आणि मूल शिकविणारा ह्या दोघांची एकमेकांशी ओळख नसावी, आणि ती झालीच तर भांडणाच्या वेळी व्हावी, ही आजची वस्तुस्थिती आहे. ह्या स्थितीने मुलाचे, शाळेचे व समाजाचेही नुकसान होत आहे, आणि ते थांबविण्यास नव्या कायद्याची वा नव्या खर्चाची गरज नसून उभय पक्षांनी थोडी वाट चालून एकमेकांच्या दारी जाण्याची गरज आहे, हे आज आम्हांस सांगावयाचे आहे.

आमच्या वकिलीच्या धंद्यात अलीकडे एका जातीची प्रकरणे वाढीस लागलेली दिसतात. एके सकाळी एक गृहस्थ तणतणत आमच्या कचेरीत आले. ‘माह्या पोराले मास्तरनं मारलं, साहेब, आजच नोटीस काढा,’ असे त्यांचे म्हणणे. नोटिशीस लागणारे साधे प्रश्न आम्ही विचारले. मुलगा कोणत्या इयत्तेत? गृहस्थांनी क्षणभर विचार करून ‘सहावीत’ म्हणून सांगितले. सोबत आलेल्या मुलाने मान खाली घालूनच ‘सातवीत’ अशी दुरुस्ती केली. शिक्षकाचे नाव? तेही मुलानेच सांगितले. ह्यापूर्वी शाळेत कधी गेला होता? ‘नाव टाकायला गेलो होतो.’ मुलास मारणे हा अपराध आहेच, व त्याची दाद मागण्याची रीतसर वाट आम्ही त्यांस दाखविली. परंतु सात वर्षांत एकदाही न भेटलेल्या दोन माणसांची पहिली भेट वकिलाच्या नोटिशीच्या द्वारे व्हावी, ह्याचे आम्हांस वाईट वाटल्यावाचून राहिले नाही. पुढे काही दिवसांनी दुसऱ्या एका गावचे शिक्षक भेटले. त्यांची तक्रार उलट होती: एका पालकास तीनदा निरोप धाडला, तरी तो फिरकला नाही. निरोप कशाचा होता, असे आम्ही विचारले. ‘मुलगा उनाडक्या करतो, येऊन भेटा.’ ह्याखेरीज दुसरा कोणता निरोप त्या घरी कधी धाडला होता काय? शिक्षक गप्प राहिले. ज्या दारातून केवळ निंदेचेच निमंत्रण येते, त्या दारी कोण आपखुशीने जाईल?

ही तुटातूट आजची नाही. तिला इतिहास आहे. जुन्या काळचा गावठी पंतोजी पालकांच्या शिध्यावर व चार पैशांवर जगत असे. तो घरोघरच्या ओळखीचा होता खरा. पण त्याची शाळा मूठभर घरांपुरतीच होती, आणि गावातील बहुसंख्य मुलांस, विशेषतः अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांस व सर्वच जातींच्या मुलींस तिच्या ओसरीवर जागा नव्हती. म्हणून त्या काळाचे गोडवे गाऊन मागे वळण्यास आम्ही कोणास सांगणार नाही. पुढे इंग्रजी अमलात सरकारी शाळा आली; तिचे दार, निदान कागदावर, सर्वांस उघडे झाले, परंतु शिक्षक पगारदार झाला आणि गावाऐवजी खात्याकडे पाहू लागला. वऱ्हाडात १८५३ नंतर ही नवी राज्यव्यवस्था बसली, तिच्याबरोबर पाटील, पटवारी व मास्तर हे तिघेही गावकऱ्यांच्या दृष्टीने ‘सरकारची माणसे’ ठरले. सरकारी माणसापासून चार पावले दूर राहण्यातच शहाणपण, ही आमच्या शेतकऱ्याची पिढ्यानपिढ्यांची समजूत. ती शाळेलाही लागू झाली, आणि राज्य बदलले तरी ती पुरती गेलेली नाही.

ह्या दुराव्यावर नेमके बोट ठेवणारे पुरुष म्हणजे महात्मा जोतीराव फुले. १८८२ सालच्या ऑक्टोबरात हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी मुंबई इलाख्यातील प्राथमिक शाळांचे व्यंग दाखविले. शेतकऱ्यांच्या मुलांचे शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करावेत, कारण असे शिक्षक लोकांत मोकळेपणाने मिसळतील व त्यांच्या गरजा जाणतील, हे त्यांचे म्हणणे होते. आणि अशा शिक्षकास दरमहा निदान बारा रुपये वेतन असावे, हीही त्यांची मागणी होती. म्हणजे ज्यास आपण आज पालक-शिक्षक संबंध म्हणतो तो शाळेचा पाया आहे, आणि शिक्षकाची प्रतिष्ठा व पोटापाण्याची सोय ही त्याची अट आहे, ह्या दोन्ही गोष्टी त्यांनी एका दमात सांगितल्या. योगायोग असा की, त्याच १८८२ साली आमच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक पुण्यास छापले गेले. ताराबाईंस विद्या मिळाली ती वडिलांकडून, घरी. बुलढाण्याच्या कचेरीत कारकुनी करणाऱ्या त्या बापाने मुलीस शिकविले, तेव्हा पालक आणि शिक्षक ही दोन्ही नाती एकाच माणसात होती. आज ती दोन माणसांत वाटली गेली आहेत. वाटणी झाली म्हणून भाऊबंदकी झालीच पाहिजे असे थोडेच आहे?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. नामदार गोखले ह्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक वरिष्ठ कायदेमंडळात आणले, ते पुढल्या वर्षी फेटाळले गेले. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी मात्र १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, आणि मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. मध्यप्रांत व वऱ्हाडासाठी प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९२० साली झाला. स्वतंत्र भारताने २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणास मूलभूत हक्काचे स्थान दिले, आणि त्याच दुरुस्तीने मुलास शिक्षणाची संधी देणे हे पालकाचे मूलभूत कर्तव्यही ठरविले. ह्या हक्काची तपशीलवार मांडणी करणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. त्यात पालकास दंड नाही. त्याच्याकडे गुन्हेगार म्हणून न पाहता भागीदार म्हणून पाहण्याचे धोरण आहे. कलम २१ अन्वये, विनाअनुदानित खासगी शाळा वगळून, प्रत्येक शाळेस व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे. तिचे तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि दुर्बल व वंचित घटकांच्या पालकांस योग्य प्रमाणात स्थान असावे. कलम २४ अन्वये पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, ग्रहणशक्ती व प्रगती त्यांस कळविणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. कलम १७ अन्वये मुलास मारणे वा त्याचा मानसिक छळ करणे ह्यास बंदी आहे. कलम ३२ अन्वये तक्रार लेखी करता येते, व स्थानिक प्राधिकरणाने तिचा निकाल तीन महिन्यांत द्यावयाचा असतो. इतकी हत्यारे हाती असता लढाई का हरावी?

कारण, कायदा दप्तरात आहे आणि गाव वावरात आहे. समितीची सभा भर दुपारी भरते, तेव्हा निंदणीला वा वेचणीला गेलेली बाई येणार कोठून? मग रजिस्टर घरी धाडून सह्या आणविल्या जातात. निम्म्या स्त्रियांची अट कागदावर तंतोतंत पाळली जाते. परंतु नाव पत्नीचे आणि बोलणे पतीचे, असा प्रकार आम्ही स्वतः पाहिला आहे. दुर्बल घटकांतील पालकाचे नावही यादीत असते. पण सभेत तो भिंतीशी उभा आणि गावचे पुढारी खुर्चीवर, ही मांडणी बदललेली नसते. ज्या माणसास बसावयास सांगितले जात नाही, तो मुलाविषयी मोकळेपणाने काय बोलणार? समतेचा धडा वर्गात शिकविण्यापूर्वी तो सभेच्या बैठकीत दिसला पाहिजे. समितीवर सही करणाऱ्या आईस त्या कागदात काय लिहिले आहे ते वाचून दाखविणे, एवढे जरी प्रत्येक मुख्याध्यापकाने केले, तरी आम्ही त्यास मोठी सुधारणा म्हणू.

शहरांतील रोग निराळा आहे. खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर येथील आमचे व्यापारी वाचक बहुधा मुलांस फी घेणाऱ्या शाळेत घालतात. पैसा मोजला म्हणजे माल चोख मिळालाच पाहिजे, हा बाजाराचा न्याय तेथे लागू केला जातो. आणि शिक्षक म्हणजे दुकानावरचा नोकर, अशी भावना नकळत बळावते. आम्ही व्यापारी बंधूंस त्यांच्याच धंद्यातील दृष्टांत देतो. कोणता व्यापारी आपला रोजमेळ वर्षभर न पाहता केवळ दिवाळीस नफा-तोटा विचारील? मुनीम कितीही विश्वासू असला तरी दुकान वाढविण्यापूर्वी त्याच्यापाशी बसून दिवसाची जमा-नावे पाहण्याची चाल आपण मोडीत नाही, आणि त्यात मुनीमाचा अपमानही मानीत नाही. मग मुलाचा रोजमेळ वर्षाकाठी एकदाच, आणि तोही निकालपत्राच्या रूपाने, का पाहावा? टक्केवारी ही खतावणीतील शेवटची बेरीज आहे. चूक कोठे पडली हे रोजमेळातच सापडावयाचे. खासगी शाळांसाठी २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने शिक्षक-पालक संघ आवश्यक केला आहे, व त्याच्या कार्यकारी समितीवर इच्छुक पालकांतून सोडतीने निवड व्हावयाची असते. परंतु ह्या संघाकडे पालक वळतात ते फीवाढीच्या घासाघिशीपुरते. फीचा प्रश्न क्षुद्र आहे असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या सभेत दर ठरतो त्या सभेत मुलाच्या अभ्यासाचा शब्दही निघू नये, हे शहाणपणाचे लक्षण नव्हे.

पालकांचा आणखी एक दोष आहे, व तो वरवर पाहता विश्वासासारखा दिसतो. ‘गुरुजी, पोर तुमचे, मारा, झोडा, पण शहाणे करा,’ असे म्हणणारे पालक आजही थोडे नाहीत. हा विश्वास नव्हे, ही जबाबदारीची विल्हेवाट आहे. कायद्याने जे शिक्षकास मना केले आहे ते करण्याची मुभा बापास देता येत नाही. आणि जो बाप आज मारण्याची मुभा देतो तोच उद्या मुलाच्या अंगावर वळ दिसताच आमच्या कचेरीची पायरी चढतो, हा आमचा अनुभव आहे. मुलाच्या देखत शिक्षकाची टवाळी करणे हाही तसाच घातक दोष. रात्री ओसरीवर बापाने ज्यास ‘फुकट पगार खाणारा’ म्हटले, त्याच्यापुढे सकाळी मूल आदराने कसे बसेल? शिक्षकाविषयी शंका असेल तर ती शिक्षकास विचारावी. मुलास तिचा साक्षीदार करू नये.

परंतु टाळी एका हाताने वाजत नाही. शिक्षकांच्या पदरातही दोष आहेत, व ते मित्रत्वाने सांगणे आमचे कर्तव्य आहे. ‘पालक अडाणी आहेत, त्यांस काय कळते,’ हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की, त्याचा आता कंटाळा आला. आईस वाचता येत नसेल; पण मूल रात्री दचकून उठते काय, त्यास कमी ऐकू येते काय, ते कोणत्या मित्राच्या नादी लागले आहे, सकाळी जेवून निघते की उपाशी, हे त्या आईइतके कोणत्याही प्रशिक्षित पदवीधरास ठाऊक नसते. जळगाव जामोद व संग्रामपूर ह्या तालुक्यांतील सातपुड्याच्या पायथ्याकडे पाहावे. तेथे कोरकू बोलणारी घरे आहेत. आणि जामोदच्या आसपास निहाली बोलणारे थोडे लोक आहेत, ज्यांच्या भाषेचे जगातील कोणत्याही भाषाकुळाशी निश्चित नाते विद्वानांस जोडता आलेले नाही. तांड्यावरच्या मुलाची भाषा निराळी, शहरातील मुसलमान मोहल्ल्यातील मुलाची निराळी. असे मूल पहिल्या दिवशी पुस्तकी मराठीपुढे मुके बसते, आणि आम्ही त्यास मंद ठरवून मोकळे होतो. त्याच्या आईपाशी बसून पाणी, भाकर, भीती, भूक ह्यांस घरी काय म्हणतात एवढे जरी शिक्षकाने विचारून घेतले, तरी त्या मुलाची जीभ सुटेल. येथे शिकविणारी आई आहे आणि शिकणारा शिक्षक आहे. ह्यात शिक्षकाचा कमीपणा नाही.

शिक्षकाची अडचण आम्ही जाणतो. साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेस कायद्याने दोन शिक्षक दिले आहेत. म्हणजे चार-पाच इयत्ता आणि माणसे दोन. त्यातच पोषण आहाराचा हिशेब, माहितीचे तक्ते, मतदारयाद्या आणि बैठका. कलम २७ ने जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणूक ह्यांखेरीज इतर अशैक्षणिक कामांस शिक्षक जुंपण्यास बंदी केली असली, तरी बंदीच्या फटीतून कामे घुसतच राहतात, ही शिक्षकांची ओरड खरी आहे. ह्यावर उपाय एकच. पालक जर शिक्षकाच्या पाठीशी उभे राहिले, तर ‘आमच्या मुलांचा वर्ग रिकामा ठेवून हे काम का सांगता’ असा जाब अधिकाऱ्यांस विचारण्याचे बळ गावास येईल. एकटा शिक्षक हा जाब विचारू शकत नाही; त्याच्या बदलीची दोरी दुसऱ्याच्या हाती असते. पालकांशी ओळख ठेवण्यात शिक्षकाचाही केवढा स्वार्थ आहे, हे ह्यावरून ध्यानी यावे.

ही ओळख नसल्याने खरी किंमत कोण मोजतो? दसरा-दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यातील कित्येक कुटुंबे ऊसतोडीस, वीटभट्ट्यांवर वा दूरच्या कामांवर निघून जातात. एका सकाळी वर्गातील चार-सहा जागा रिकाम्या दिसतात, आणि मूल गेले हे शिक्षकास त्या रिकाम्या जागेवरून कळते. वास्तविक अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, जेणेकरून आईबाप कामावर गेले तरी मूल गावातच राहून शिकेल. आणि जे मूल सोबत जाणारच, त्यास शिक्षण हमी कार्ड देण्याची सोय आहे, जेणेकरून ते जेथे जाईल तेथील शाळेने त्यास सामावून घ्यावे. परंतु ह्या दोन्ही सोयी आठ दिवस आधी बोलणे झाले तरच उपयोगी पडतात. मुकादमाची उचल घेतलेला बाप रात्रीच्या गाडीत बिऱ्हाड चढवितो, तेव्हा शाळेत सांगून जावे असे त्याच्या मनातही येत नाही. कारण शाळेत त्याचे असे कोणी नसते. मुकादम त्याच्या घरी चार वेळा येऊन गेलेला असतो, शिक्षक एकदाही नाही. मग मुलाचे वर्ष मुकादमाच्या हिशेबात जाते, ह्यात नवल ते काय?

ह्याहून भयंकर किंमतही मोजावी लागते. २०१६ सालच्या नोव्हेंबरात खामगाव तालुक्यातील एका निवासी आश्रमशाळेत अल्पवयीन आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे प्रकरण उघडकीस आले व अटका झाल्या. मुली सुटीत घरी गेल्यावर ही गोष्ट कुटुंबांस कळली. तोवर आईबाप दूर आणि मुली कुंपणाच्या आत. कुंपणच शेत खाऊ लागले तर राखण कोणी करावी? आमच्या विचारे, जी शाळा पालकांच्या वारंवार येण्याजाण्याने गजबजलेली असते, तेथे असे कृत्य इतके दिवस लपून राहणे कठीण जाते. आणि प्रामाणिक शिक्षकास पालकांच्या डोळ्यांची भीती वाटण्याचे कारणच नाही. उलट तेच त्याच्या नावलौकिकाचे रक्षण आहे. म्हणून पालकांशी गोडीने वागावे म्हणजे त्यांच्या तोंडाला कुलूप लावावे, असा अर्थ आमच्या लेखातून कोणी काढू नये. मुलाच्या शरीरावर वा अब्रूवर हात पडल्याची शंका आली, तर समिती, मुख्याध्यापक, मध्यस्थ कोणाचीही वाट न पाहता थेट पोलिसांत जावे. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अशी खबर देणे प्रत्येकाचे, शाळेचेही, कर्तव्यच ठरविले आहे. तेथे तडजोड हा गुन्ह्यास हातभार होय.

कोणी म्हणेल, हे सर्व बोलावयास ठीक. पण आम्ही दिवसभर राबावे की शाळेच्या खेपा घालाव्या? दुसरा म्हणेल, पालकांस शाळेत घेतले की ते उद्या शिकविण्यातही ढवळाढवळ करतील. पहिल्यास आमचे उत्तर असे की, वर्षातून तीन भेटी म्हणजे तीन आठवडी बाजारांतील एकेक तास. एवढ्याने कोणाचे घर बुडाले नाही. दुसऱ्यास उत्तर असे की, ढवळाढवळ अनोळखी माणूस करतो. ओळखीचा माणूस सल्ला देतो व ऐकतोही. गणित कसे शिकवावे हे शिक्षकाने ठरवावे. मूल रात्री किती वाजता निजावे, त्याच्या हाती मोबाइल किती वेळ असावा, वेचणीच्या दिवसांत त्यास घरी ठेवावे की नाही, हे पालकाने ठरवावे. आणि दोघांनी आपापले ठरविलेले दुसऱ्यास सांगावे. हद्दी ठरल्या म्हणजे बांधाचे भांडण राहत नाही.

इतरत्र हे कसे करतात तेही पाहण्याजोगे आहे. जपानात शालेय वर्षाच्या आरंभी वर्गशिक्षकाने प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन यावयाचे, ही जुनी चाल आहे. अलीकडे काही ठिकाणी ती कमी होत असली, तरी तिच्यामागील विचार सोपा आहे: मूल कोठून येते हे पाहिल्यावाचून ते कोठवर जाईल हे सांगू नये. अमेरिकेत १८९७ साली मातांची राष्ट्रीय परिषद वॉशिंग्टन येथे भरली, तिच्यातूनच पुढे तेथील पालक-शिक्षक संघटना वाढली; म्हणजे तेथेही आरंभ आयांनी केला. पण इतके दूर जाण्याचे कारण नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे, व पुढे कोसबाडच्या टेकडीवर, काम मांडले, तेव्हा आदिवासी पाड्यांतील मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्या हातावर हात देऊन बसल्या नाहीत. त्यांनी शाळाच पाड्याच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात भरविली. शाळा अंगणात आली की आई आपोआप तिच्या कडेस येऊन उभी राहते. कोसबाडच्या रानात जे साधले, ते बुलढाण्याच्या गावात का साधू नये?

तेव्हा आमची सूचना अशी. प्रत्येक वर्गशिक्षकाने शाळा उघडल्यापासून पोळ्याच्या आत आपल्या वर्गातील प्रत्येक मुलाच्या घरच्या माणसास एकदा भेटावे. तेही तक्रार सांगण्यास नव्हे, तर मूल कोणते हे जाणून घेण्यास. त्या भेटीत मुलाचा एक तरी गुण प्रथम सांगावा. असा गुण ज्यास सापडला नाही, त्याने मुलाकडे अजून नीट पाहिले नाही असे समजावे. पालकसभा कामाच्या दुपारी न भरविता सांजेस वा बाजाराच्या दिवशी भरवावी, सर्वांनी एकाच पातळीवर बसावे, आणि प्रथम आयांस बोलू द्यावे. पालकांनीही घरातील दुखणे, स्थलांतर, मृत्यू, कर्जाची ओढाताण अशा ज्या गोष्टींचा मुलाच्या मनावर परिणाम होतो, त्या शिक्षकास विश्वासाने सांगाव्या. व शिक्षकाने त्या आपल्यापाशीच ठेवाव्या, वर्गात उच्चारू नयेत. कामास बाहेरगावी जाणाऱ्याने निघण्यापूर्वी आठ दिवस शाळेत सांगून जावे. आणि तक्रार असेल तर आधी शिक्षकास, मग मुख्याध्यापकास, मग समितीस, आणि तरीही न निभावले तर लेखी अर्जाने स्थानिक प्राधिकरणास, ह्या क्रमाने जावे. वर सांगितलेला गंभीर अपराध मात्र ह्या क्रमास अपवाद आहे.

आमच्या व्यापारी वाचकांस एक विशेष विनंती. ज्या हमालाचे, मापाड्याचे वा मोलकरणीचे मूल जिल्हा परिषदेच्या वा नगरपरिषदेच्या शाळेत शिकते, त्यास वर्षातून तीन वेळा पालकसभेसाठी अर्ध्या दिवसाची भरपगारी सुटी द्यावी. देवळाच्या कळसास देणगी देणारे हात आमच्या शहरांत पुष्कळ आहेत. हा अर्धा दिवस त्या देणगीहून स्वस्त आहे आणि त्याचे फळ आपल्या डोळ्यांदेखत मिळणारे आहे.

स्वराज्य मिळविणे हे पिढ्यांचे काम होते. ते चालविणे हे रोजचे काम आहे. दिल्ली-मुंबईच्या सभागृहांत काय चालते ह्यावर चावडीवर तासन् तास वाद घालणारे आम्ही, आपल्याच गावच्या शाळेच्या समितीत आपण सभासद आहोत हे विसरतो. राज्यकारभाराचा सर्वांत जवळचा ओटा तोच आहे. तेथे ज्यास आपले म्हणणे नीट मांडता येते व दुसऱ्याचे ऐकून घेता येते, तोच पुढे मोठ्या सभेस लायक ठरतो. आणि हे सर्व मूल कोपऱ्यातून पाहत असते. आपले दोन वडीलधारे, एक घरचा व एक शाळेचा, एकमेकांशी मान राखून बोलतात, हा त्याच्या आयुष्यातील फार मोठा धडा आहे. पेरणी आटोपली की वाचकांनी एक सांज काढावी, मुलाचे बोट धरून शाळेत जावे, आणि शिक्षकास आपले नाव सांगून त्याचे नाव विचारावे. एवढ्याने आरंभ होईल.